तिसऱ्या रकान्यात गेलेल्या जिवंत सभासदांबाबत

प्रति,
मा. सचिव,
पंच कमिटी, दीपस्तंभ ख्रिस्ती मंडळी,
मिरज, जि. सांगली.

विषय : ई-मेलचा पांढऱ्या फ्लॉपीतील प्रोग्रॅम बंद करून उर्वरित सोळा सभासदांना येत्या रविवारच्या उपासनेत जिवंत जाहीर करणेबाबत.

संदर्भ : १) पंच कमिटीचा ठराव क्र. ११, दि. ४ जुलै १९९९.
२) माझी लेखी शिफारस, दि. १० जुलै १९९९.
३) आपला तोंडी नकार, दि. २३ नोव्हेंबर १९९९.

महोदय,

"चारू, जो उत्तर देत नाही त्याला आधी लिही. उत्तर देणाऱ्याला चार दिवस उशीर झाला तर तो रुसेल, पण कुठं जायचा नाही." माझ्या सासूबाई, या मंडळीच्या बायबलबाई प्रभूवासी हरणाबाई भोरे यांनी सभासदांना पत्रे लिहिण्याचे काम माझ्या हाती देताना हे सांगितले. त्यास एकवीस वर्षे झाली. तेव्हापासून रोज पहाटे स्तोत्र वाचून एक पोस्टकार्ड लिहिल्याशिवाय मी तोंडात चहा घातलेला नाही. मोठेपणासाठी लिहीत नाही. पुढील मजकूर कळावा म्हणून लिहिते.

१. मस्कतच्या सभासदांनी मंडळीला संगणक भेट दिल्यावर, ज्यांचा ई-मेल पत्ता आहे अशा त्र्याण्णव जणांना यापुढे टपालाने पत्र न पाठवता ई-मेलनेच पाठवावे, असा संदर्भ क्र. १ चा ठराव झाला. त्यासाठी पुण्याहून तीन प्रोग्रॅम आले आणि निवड माझ्यावर सोपवली गेली. काळ्या फ्लॉपीतला प्रोग्रॅम एकेक पत्र पाठवी, दर पत्राला बटण दाबावे लागे, आणि मध्येच फोन तुटला की पुन्हा पहिल्यापासून. निळ्या फ्लॉपीतला सगळ्यांना एकदम पाठवी, पण एकाचे उत्तर सगळ्यांना जाई. मस्कतच्या दीपमालाने नवऱ्याबद्दल मला एकटीला म्हणून लिहिलेली गोष्ट त्र्याण्णव घरांत वाचली गेली. अजून ती माझ्याशी बोललेली नाही. पांढऱ्या फ्लॉपीतला प्रोग्रॅम प्रत्येकाचे नाव घालून 'प्रिय' असे आपण होऊन लिहितो. यंत्राने कुणाला प्रिय म्हटलेले मी प्रथमच पाहिले. मी भुलले आणि त्याचीच शिफारस केली. सही माझी आहे, ती मी नाकारत नाही.

२. त्या प्रोग्रॅमचा एक गुण मला तेव्हा कळला नाही. लागोपाठ तीन पत्रांना ज्याचे उत्तर येत नाही, त्याचे नाव तो यादीतून काढून बाजूला ठेवतो. विक्रेत्याच्या भाषेत याला यादी स्वच्छ करणे म्हणतात. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर अशी तीन पत्रे गेली आणि ऑक्टोबरात सतरा नावे स्वच्छ झाली. म्हणजे सासूबाईंनी ज्यांना आधी लिही म्हणून बजावले होते, नेमके तेच गेले.

३. टंकलेखनाला येणाऱ्या कु. मयूरीने ही सतरा नावे कुठे लिहू, असे आपणांस विचारले. मंडळीच्या नोंदवहीला पूर्वीपासून तीनच रकाने आहेत : हजर, स्थलांतरित, प्रभूमध्ये निजलेले (मयत). आपण म्हणालात, "हजर नाहीत, स्थलांतराचा दाखला नाही, मग राहिलं काय? चौथा रकाना मी कुठून आणू?" मयूरी आज्ञाधारक मुलगी आहे. तिने तिसऱ्यात लिहिली.

४. रविवार दि. २१ रोजी निजलेल्यांच्या स्मरणाची उपासना झाली. पाळकसाहेबांनी छापील यादी जशीच्या तशी वाचली. त्यात आकारामकाका साठे यांचे नाव होते. नातवाने हौसेने काढून दिलेला ई-मेल त्यांनी कधी उघडलाच नव्हता. काका दुसऱ्या बाकावर बसले होते. स्वतःचे नाव ऐकूनही सगळ्यांबरोबर उभे राहून त्यांनी दोन मिनिटे शांतता पाळली. मागाहून म्हणाले, "उठू नगं तर काय करू पोरी, समदी उठली." त्यांनी समक्ष अर्ज दिला, आपण तो घेतलात आणि ते हजर झाले. म्हणून सोळा उरले.

५. पण त्याच यादीत कृष्णात आवळे हे नाव होते, आणि मागून तिसऱ्या बाकावर त्याची आई साळूबाई बसली होती. कृष्णात लग्नाच्या बोलाचालीवरून पाच वर्षांपूर्वी घर सोडून शिरवळला कारखान्यात लागला. आईला त्याने एक ओळ लिहिली नाही. मी मात्र त्याला दरमहा पोस्टकार्ड लिहीत होते. उत्तर कधी आले नाही, पण एकही कार्ड परत आले नाही. मी साळूबाईंना म्हणे, "मावशी, परत येत नाही म्हणजे कुणीतरी हातात घेतंय." तेवढ्यावर ती माउली पाच वर्षे जगली. गेल्या मे महिन्यात कुणीतरी त्याचा कारखान्यातला ई-मेल आणून दिला, आणि ठरावाप्रमाणे माझे कार्ड बंद झाले.

६. रविवारपासून साळूबाईंनी अन्न सोडले आहे. पाण्याचे घोट तेवढे घेतात. काल डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, आणखी चार दिवस असेच गेले तर माझ्या हातात काही राहणार नाही. मी पाय धरून सांगितले की ही यंत्राची चूक आहे आणि यंत्र मी निवडले आहे. त्या म्हणाल्या, "आवं चारूबाई, पाळकांनी वाचलं म्हंजी देवानंच वाचलं की. तुमी मला बरं वाटावं म्हून बोलताय." माझ्या शब्दाने त्या जेवत नाहीत.

७. कारखान्यात फोन केला. कृष्णात मेअखेर तिथून सोडून गेला, पुढचे माहीत नाही, असे उत्तर मिळाले. म्हणजे आपली तिन्ही पत्रे रिकाम्या खुर्चीला गेली. पाळकसाहेबांना भेटले. ते म्हणाले, "माझं काम वाचायचं, कागद सचिवांचा." आपणांस भेटले. आपण नियम चौदा दाखवलात : नोंदीतील दुरुस्तीसाठी संबंधित सभासदाने स्वतः हजर राहून अर्ज द्यावा. मी विचारले, निजलेल्यानेसुद्धा? आपण म्हणालात, नियमात अपवाद नाही, आणि कमिटीची सभा जानेवारीत आहे. सचिवसाहेब, जानेवारीपर्यंत त्या तिसऱ्या रकान्यात एक खरे नाव चढेल, आणि ते कृष्णातचे नसेल.

८. तरी पदर पसरून विनंती की, येत्या रविवारी, दि. २८ रोजी, सोळाही नावे जिवंत म्हणून वेदीवरून वाचावीत. सोळा जमत नसतील तर एक वाचावे. नोंदवहीत चौथा रकाना मी पट्टीने आखून देईन. त्याला नाव काय द्यावे ते कमिटीने ठरवावे. मी 'वाट पाहत आहोत' असे सुचवते. काळी फ्लॉपी परत लावावी. त्र्याण्णव वेळा बटण मी दाबीन. फोन तुटला तर पुन्हा पहिल्यापासून दाबीन. चुकीच्या शिफारशीबद्दल मला पत्रांच्या कामावरून काढायचे असल्यास माझी हरकत नाही, फक्त रविवारनंतर काढावे.

९. शपथ वाहू नये हे मला ठाऊक आहे. पण काल साळूबाईंच्या उशाशी बसून मी शब्द देऊन बसले की रविवारच्या आत त्याला दारात उभा करते. म्हणून हा अर्ज कार्यालयाच्या दाराखालून सरकवून मी सकाळच्या साताऱ्याच्या एसटीने निघत आहे. तिथून शिरवळ. त्याच्या खोलीचा पत्ता पाहायला नोंदवहीची गरज नाही, साठ वेळा लिहून तो हाताला पाठ झाला आहे. तिथे नसला तर शेजारी विचारीन, मग पुढच्या कारखान्याच्या फाटकावर. नियम चौदाच्या अर्जासाठी कोरा कागद आणि पेन बरोबर घेतले आहे.

माझ्या हातून झालेल्या निवडीची क्षमा मागून,

मंडळीची पत्रे लिहिणारी,
(सही)
श्रीमती चारुशीला दानिएल भोरे
मिरज, गुरुवार, दि. २५ नोव्हेंबर १९९९

सोबत :
१) दि. २१ च्या छापील यादीची प्रत.
२) माझ्या शिफारशीची प्रत.
३) आजचे पोस्टकार्ड जोडलेले नाही. ते कृष्णातच्या नावाचे आहे आणि मी ते हातानेच द्यायला नेत आहे. चहा त्याच्याकडे घेईन.