सात तासांचं माहेर

मंगळवार, १६ डिसेंबर २००८, संध्याकाळ

लेक वैशू उद्या इथल्या बिरसीच्या विमानतळावरून चंद्रपूरच्या धावपट्टीपर्यंत एकटीच विमान नेणार. शिकताना असं एकटं जावंच लागतं म्हणे. मला तर आज झोप लागायची नाही. पण तिला कायले सांगू?

दुपारी तिच्या मोठ्या नकाशावर लाल धागा ठेवून अंतर मोजलं. वडसा, नागभीड, असं रुळारुळानं. पंचवीस वर्षं चंद्रपूरला माहेरी त्याच वाटेच्या पॅसेंजरनं जाते, सात तास. दशम्याही सात तासांच्या हिशेबानं केल्या. पोरगी हसत सुटली.

"आई, विमानाले रूळ कायले पाहिजे वं?"

तिनं धागा सरळ ताणला. चार बोटं उरला!

"सव्वा तास. वारं समोरून आलं तं थोडा जास्त."

सव्वा तास? एवढ्यात माझी गाडी अर्जुनीलाही पोचत नाही. इतकं जवळ होतं माझं माहेर?

माझा भाऊ उद्या तिकडे धावपट्टीच्या कुंपणाशी येऊन उभा राहणार आहे. भाची पहिल्यांदा आभाळातून येणार, रिकाम्या हातानं कशी जाईल? जवसाचे चार लाडू कागदात घेतले. धाग्याचं उरलेलं टोक कापून टाकलं. बाकीचा, बिरसी ते चंद्रपूर, पुडीला गुंडाळून गाठ मारली.

बरोबर पुरला.