मंगळवारचा उपवास

प्रताप नगर, नागपूर
रविवार, सकाळचे नऊ

प्रिय रोशनी,

पत्र पाहून आधी दचकशील, मग म्हणशील, हिला मेसेज करता येत नाही काय वं? येतो. चारदा लिहिला, चारदा पुसला. मोबाईलवर तीन ओळींच्या पुढे मला खरं बोलताच येत नाही. म्हणून आज लॅबला सुट्टी आहे तर वहीची पानं फाडून बसले आहे. भाषा जरा पुस्तकी वाटेल, चालवून घे. बाबांच्या प्रेसच्या दुकानात वाढलेली पोरगी मी, कागदावर आलं की माझं बोलणंसुद्धा इस्त्री होऊन येतं. दोन वर्षं झाली, आपण बोललो नाही. तू माझ्याबद्दल काय समजून बसली आहेस ते मला ठाऊक आहे. ते खरं नाही, आणि हे मी तुला कधी सांगितलं नाही. तेवढंच सांगायचं आहे. पण एकदम मुद्द्यावर यायची हिंमत होत नाही, जरा फिरून येते.

काल आपल्या जुन्या खोलीवरून गेले. पुष्पलताकाकूंनी फाटकावर नवी पाटी लावली आहे, मुलींसाठी एसी रूम. आपल्या वेळी एक कूलर होता आणि त्यात पाणी कोणी भरायचं यावरून तिघींची रोज जुंपायची. कूलरसमोरची कॉट आठवड्याआड बदलायची असं ठरलं होतं, पण मे महिन्यात तुझी पाळी आली की तू मलाच तिथे ढकलायचीस. म्हणे, उमरेडवाल्यांना ऊन जास्त लागते. तुझ्या कॉटच्या वर बाबासाहेबांचा फोटो, माझ्या कॉटच्या वर आईने दिलेला गजानन महाराजांचा, आणि सोनिकाच्या कॉटच्या वर तिचा स्वतःचाच. आठवलं की अजून हसू येतं. रविवारी सकाळी तिच्या गाडीवर ट्रिपल सीट जाऊन तर्री पोहे खायचे. चौकात पोलीस दिसला की मलाच उतरवायचात दोघी. मी सगळ्यात बारीक ना, पायी लवकर पोचते म्हणे! तर्री इतकी जहाल की तुझं नाक वाहायचं, तरी तू दुसऱ्यांदा वाटी पुढे करायचीस. त्या एका प्लेटीवर आपण दोन-दोन तास बोलत बसायचो आणि कोणी उठा म्हणायचं नाही.

मग सोनिकाला सदरमधल्या कॅफेचा शोध लागला. तिला दोष देत नाही हो. मन मोठं होतं पोरीचं, फक्त पाचशेची नोट तिला सुट्टे पैसे वाटायची. रविवारचे पोहे सुटले, कॅफे आला, मग कोणाचा बर्थडे, कोणाचं कॉन्ट्रिब्युशन, सिनेमा झाल्यावर पिझ्झा. त्याच सुमारास बाबांचा हात कोळशाच्या इस्त्रीने भाजला आणि दुकान अडीच महिने बंद राहिलं. घरभाडं वाढलं, मेस वाढली. घरून फोन आला की आई विचारायची, पैसे पुरून राहिले ना? मी म्हणायची, पुरून उरून राहिले. पहिल्यांदा कॅफेत गेलो तो गुरुवार होता. मेनू कार्ड हातात आलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, माझा उपवास आहे. किती सोपं होतं ते! कोणी आग्रह केला नाही, उलट सोनिकाने नमस्कार केला मला.

तेव्हापासून गुरुवार धरला. मग सोमवार. मग शनिवार. चतुर्थी होतीच. तू म्हणायचीस, तुझ्या देवांले काही कामधंदा नाही काय वं, पोरीले उपाशी मारून राहिले! आणि संध्याकाळी येताना माझ्यासाठी केळी आणि राजगिऱ्याचा लाडू घेऊन यायचीस. तुमच्या घरी कोणी उपवास करत नाही, तरी माझे वार तू फोनमध्ये लिहून ठेवले होतेस. ती केळी सोलताना मी तुझ्याकडे बघायची नाही. खोटं बोलून मिळवलेलं होतं ना ते. पण भूक लागलेली असायची, खाऊन घ्यायची मी.

आता तो मंगळवार. तुझा वाढदिवस तू मंगळवारी ठेवलास, कारण माझ्या उपवासांच्या यादीत मंगळवार नव्हता. अंजनाकाकू लेकीसाठी पहाटेच्या एसटीने तुमसरहून आल्या. पाटोडीचा रस्सा, पोळ्या, वर भाताचा डबा, एवढं ओझं मांडीवर घेऊन. आदल्या दिवशी सोनिकाने तुला द्यायच्या घड्याळासाठी सगळ्यांकडून सहाशे-सहाशे गोळा केले होते. मी उद्या देते म्हटलं होतं. उद्या उजाडलं तरी माझ्याजवळ सत्तर रुपये होते. काकूंनी ताटं मांडली, सोनिकाने घड्याळाचा डबा मधोमध ठेवला, आणि त्यावर सगळ्यांची नावं लिहिलेली, माझंही. हात हलवत त्या पंगतीत कसं बसायचं, सांग. मी म्हटलं, काकू, मी आजपासून मंगळवार धरला आहे. आणि अभ्यासिकेत जाते म्हणून बाहेर पडले.

गॅलरीत चपला घालत होते. आत काकू तुला हळूच म्हणाल्या, राहू दे वं, नाही चालत कोणाकोणाले आपल्या हातचं. ऐकलं मी, रोशनी. स्वच्छ ऐकलं. दोन पावलं मागे जाऊन एवढंच म्हणायचं होतं, काकू, तसं नाही, माझ्याजवळ पैसे नाहीत. नाही म्हटलं. चपला घातल्या आणि जिना उतरले. अभ्यासिकेत बसून पाच रुपयांचे फुटाणे खाल्ले आणि रडले. तुझ्या आईने मला तसलं समजावं हे मला चाललं, पण गरीब समजलेलं नाही चाललं. सोनिकाची आई असती तर तिच्या मनात हे आलंही नसतं, तिला वाटलं असतं पोरगी लाजते. काकूंच्या मनात ते सगळ्यात आधी आलं, कारण त्यांनी जन्मभर ते पाहिलेलं. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी गप्प राहिले. याची लाज मला अजून वाटते.

त्यानंतर तू फक्त केळी आणणं बंद केलंस. परीक्षा झाल्यावर तुम्ही दोघी मनीषनगरच्या फ्लॅटवर गेलात आणि मी चार कॉटच्या एका खोलीत. तिथे कोणी कोणाला नाव विचारत नव्हतं. सगळ्या कानात इअरफोन घालून भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. मला वाटायचं मीच एकटी आहे, आता वाटतं चौघीही एकट्याच होतो. कॉलेजात कॅन्टीनला बसायचं तर काहीतरी घ्यावं लागतं, म्हणून मी तास संपला की सरळ निघायची. मेसच्या सिंधूताई विचारायच्या, पोळी देऊ काय बाई? दिवसभरात माझ्याशी बोललेलं ते एकच वाक्य असायचं. मी मुद्दाम नको म्हणायची, म्हणजे त्या परत विचारतील.

आता बरं आहे. सदरच्या एका लॅबमध्ये नोकरी आहे, बाबांचा हात सुधारला. मागच्या महिन्यात माझ्या खोलीवर करिष्मा नावाची मुलगी राहायला आली, गडचिरोलीकडची, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला. मागच्या रविवारी तिला म्हटलं, चल, पोहे खाऊन येऊ. तर खाली पाहून म्हणते, ताई, माझा उपवास आहे. मी म्हटलं, रविवारचा कोणता उपवास वं? आणि मला असं रडू फुटलं की ती घाबरून गेली. तिला नेलं, दोन प्लेट खाऊ घातले, आणि तुझी सगळी गोष्ट सांगितली. ती बिचारी विचारते, मग त्या ताईंना तुम्ही सांगितलं काय?

सांगितलं नव्हतं. आणि सोमवारी ग्रुपवर तुझी लग्नपत्रिका आली. खाली तू लिहिलंस, सगळ्यांनी यायचं. मग माझं नाव घेऊन वेगळी ओळ, लग्न मंगळवारी आहे, तुझा उपवास असेल. सोनिकाने त्यावर हसरा चेहरा टाकला, तिला काय माहीत. मी ती ओळ आठवडाभर वाचून राहिली, रोशनी. तुले राग यायलाच पाहिजे, पण मी येऊन राहिली. हे पत्र काकूंना वाचून दाखव आणि त्यांनी नको म्हटलं तर मले कळव, मी समजून घेईन. नाही कळवलंस तर पहिल्या पंगतीत बसते. घड्याळ नाही, पाकीट नाही, या वेळी हात हलवत येते आणि काकूंच्या हातून वाढून घेऊन पोटभर जेवते. मंगळवारचा माझा उपवास नाही वं. कधीच नव्हता.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
भूमिका