लिंबासमोर थबकलेला हात

११ नोव्हेंबर
आज संत्री निवडणाऱ्या यंत्राचे मालक रंगराव यांच्या कपाळावर संत्रं बसलं! सडकं फळ बाजूला ढकलणारा यंत्राचा हात मध्येच थबकला, मग दचकल्यासारखा उशिरा फिरला. सडकं गेलं पुढे, चांगलं गेलं मालकाच्या कपाळी. कोणत्या कामाला कधी पाळी द्यायची हे ठरवणारा यंत्राचा गाभा, म्हणजे कर्नेल, माझ्या हातचा. म्हणून ते संत्रंही माझंच.
आमच्या कंपनीच्या मधुवंती मॅडमचा पुण्याहून फोन. शुक्रवारी मोठे व्यापारी इथे सोनाळ्यात यंत्र बघायला येणार. तोवर नीट झालं नाही तर माझं घरून काम बंद — पुण्यात येऊन बसायचं. आणि सासूबाई? घरात आम्ही दोघीच. त्यांनी सगळं ऐकलं आणि उठून आत गेल्या.

१२ नोव्हेंबर
सापडलं! दृष्ट लागू नये म्हणून रंगरावांनी लिंबू-मिरची बरोब्बर कॅमेऱ्यापुढे टांगली आहे. कॅमेऱ्याला ते बारकं, हिरवं संत्रं वाटतं — कधीच पुढे न सरकणारं. त्याचे फोटो काढून काढून कॅमेऱ्याच्या कामांना नेमून दिलेली मेमरी भरत जाते.
काढा म्हटलं. रंगराव कपाळ चोळत म्हणाले, "लिंबू होतं म्हनून कपायावर निभावलं मॅडम. नाहीतं डोया गेला असता."
लिंबू तिथेच ठेवून घरी आले.

१३ नोव्हेंबर
खरं तर लिंबाचा दोषच नाही. मेमरी अर्धी भरली की सूचना, पाऊण भरली की सूचना, काठाला आली की पुन्हा सूचना — हे मीच बसवलं. सूचना द्यायची तर कर्नेलला आतलं एक कुलूप, म्हणजे एका वेळी एकाच कामाला मिळणारा ताबा, घ्यावं लागतं. साध्या कर्नेलमध्ये खपून जातं. पण वेळ पाळणाऱ्या या कर्नेलमध्ये त्या कुलपासाठी हातातलं काम थांबवून, झोपून वाट बघावी लागते. आणि सूचना निघते नेमकी अशा जागी, जिथे झोपायला सक्त मनाई! तेवढ्यात हात अडकतो.
म्हणजे सूचनाच काढायच्या. जीव होईना. कोणाचं भरत आलं तर आधी कळावं, एवढंच तर हवं होतं मला. मी आहेच अशी. सासूबाईंच्याही मागे दिवसभर — पाणी प्या, शाल घ्या, उन्हात जाऊ नका. त्या हो म्हणतात आणि उन्हात जातात.

१४ नोव्हेंबर
काढल्या. मेमरीची मर्यादा ठेवली, सूचना साफ बंद. आता कॅमेऱ्याचं कामच सवड मिळाली की किती भरलंय ते बघतं आणि जुने फोटो टाकून देतं.
लिंबू जागच्या जागी. हात सुरळीत!

१५ नोव्हेंबर
व्यापारी खूश. हात एकदाही चुकला नाही. रंगरावांनी हार आणला होता, मी मान पुढे केली — त्यांनी तो लिंबाला घातला!
मॅडम म्हणाल्या, सोनाळ्यातच राहा, हवं तितकं. घरी येताना स्कूटीवर थोडी रडले. सुटलो दोघी.

१६ नोव्हेंबर
सासूबाईंना आनंदाची बातमी सांगितली. त्यांनी पलंगाखालून गच्च भरलेली पिशवी ओढली आणि एकेक लुगडं परत कपाटात ठेवायला लागल्या.
"मले वाटलं पुण्याले चाल्लो आपन. मले कोनी इचारलंच नाही वं, जयमाला."