डावीकडे न वळणारी मान

३ तारीख, सोमवार. पहाटे.
मान धरली. डावीकडे अजिबात वळत नाही. खाली-वर हलते, त्यामुळे देवापुढे वाकायला अडचण नाही. त्याची कृपा. कारण उघड आहे : उशी. आजच बदलणे.

४ तारीख.
नव्या उशीने फरक नाही. म्हणजे पंखा. तो बंद करून झोपणार. ही म्हणाली, मग मी अंगणात झोपते.

६ तारीख.
पंखाही नव्हे. चिडचिड होते.
एक नोंद, मानेशी संबंध नसलेली. आमच्या बाइंडिंगच्या दुकानात माझ्या डाव्या हाताला धाकट्या भावाचं टेबल. पंधरा दिवसांपूर्वी लायब्ररीच्या बाईंसमोर तो म्हणाला, "दादा, मधली सोळा पानं उलटी शिवलीस." तेव्हापासून मी तिकडे बघत नाही, बोलत नाही. राग मुळीच नाही. तो आधी बोलला की मीही बोलेन. पानं उलटी होती, पण तो मुद्दा नाही.

८ तारीख.
डॉक्टरांनी विचारलं, दिवसभर एकाच बाजूला तोंड करून बसता का? म्हटलं, छे, समोर बघतो. किंचित उजवीकडे. ही उगाच खोकली. गोळ्या दिल्या. डॉक्टर नवखे वाटले.

१० तारीख.
ही म्हणाली, भावजींना दुसऱ्या दुकानात कामाला बोलावलंय. तुम्ही एक शब्द टाकलात तर जाणार नाहीत. त्याने जाऊ नये. पुठ्ठ्याचे कोपरे त्याच्यासारखे कुणाला जमत नाहीत, मलाही नाही. त्याला सुबुद्धी मिळावी म्हणून प्रार्थना केली. उद्या मीच बोलणार. चहा झाला की लगेच.

११ तारीख.
चहा झाला, पण पुठ्ठे चिकटवायची खळ शिजत होती. सोडून उठलो असतो तर करपली असती. उद्या नक्की.

१२ तारीख. दुपार.
तोच समोर येऊन उभा राहिला. "दादा, जाऊ ना मी?"
म्हणजे आधी तो बोलला. पण माझ्या दातांत सुई होती. नाही म्हणायला मान हलवली. आडवी हलेना. उभीच हलली.
"बरं," म्हणाला. स्वतःचं दाभण फडक्यात गुंडाळलं, वाकून नमस्कार केला आणि गेला. मी सुई काढेपर्यंत तो कोपऱ्यावरून वळलाही. सुई सावकाशच काढावी लागते.

१४ तारीख.
मान एकदम मोकळी. डावीकडे पूर्ण वळते, त्याच्या टेबलाच्या पार पलीकडच्या कडेपर्यंत. दिवसभर वळवून खात्री केली.
उशीच होती. नवीन उशीला थोडे दिवस द्यावे लागतात.