शेणात मी पडलोच नव्हतो

वांकिडी,
दिवाळीनंतरचा सोमवार, १९८९

चिरंजीव सुधाकर यास मामाचे रागासह आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. कापूस वेचणीला आला आहे, तुझ्या मामीचा गुडघा धरला आहे, तोंड मात्र ठणठणीत आहे. तुझ्या आईची तब्येत कळव. (तुझी कळवू नकोस, ती चांगलीच असणार.)

तुझी लग्नपत्रिका आणि तुझी विनोदी कथा छापलेला दिवाळी अंक एकाच पाकिटातून मिळाले. पत्रिकेत मी निमंत्रकांत आहे आणि कथेत शेणात. एकच माणूस दोन्हीकडे कसा हजर राहणार? तेव्हा लग्नाला मी येणार नाही.

तुझ्या थोरल्या भावाच्या, माणिकच्या लग्नात मी रुसलो, हे खरं. सख्ख्या मामाच्या आधी जमिनी मोजणाऱ्या गिरदावराला (नवरदेव काय त्यानं मोजून दिला होता?) दुपट्टा-टोपीचा मान दिल्यावर माणसानं रुसायचं नाही तर काय करायचं? पण कथेत तू मला तोतरा केलंस, ढेरपोट्या केलंस, बैलावर बसवलंस आणि शेणात पाडलंस. अरे, कापसाची पऱ्हाटीसुद्धा आम्ही अंतर सोडून लावतो. तू एका ओळीत चार-चार विनोद कोंबलेस, बोंड एकाचंही फुटलं नाही. पडलेल्या माणसाला कोणीही हसतं, त्याला लेखक कशाला लागतो? काय घडलं ते मला विचारायचं होतंस. नेरडीगोंड्याच्या लग्नमंडपातून उठून मी मोठ्या सडकेला बाभळीखाली जाऊन बसलो, कोणी समजूत काढायला येईल म्हणून. आली ती आंध्रची लाल बस. मी हात केला नव्हता, तरी थांबली. कंडक्टर तेलुगूत ओरडायला लागला, अख्खी बस खिडक्यांतून बघायला लागली, आणि 'मी रुसून बसलोय' हे तेलुगूत कसं सांगतात ते मला येईना. (मराठीत तरी चारचौघांत कुठं सांगता येतं?) शेवटी चढलो. निर्मल गावापर्यंत उपाशी गेलो. संध्याकाळी परत आलो तर मंडपाचे दोर सोडून राहिले होते, आणि नवरीचे वडील चंपतराव ढेकर देत म्हणाले, "काऊन मामा, जेवले ना पोटभर?" मी "हो" म्हणालो.

आता यात शेण कुठं आहे, सांग. आणि माझी समजूत काढायला तुझ्या आईनं तुलाच धाडलं होतं. तू पंगतीत बसून बुंदी हाणत होतास. ते कथेत का नाही? दुसऱ्याची फजिती लिहायची तर आधी आपली लिहावी, म्हणजे लोक हसले तरी बोचत नाही. मला बोचलं. शेणाचं एवढं नाही. दिवसभर मला कोणी शोधलंसुद्धा नाही, ते बोचलं.

तुझा (न येणारा) मामा,
उद्धवराव

ता. क. : मामीला कथा वाचून दाखवली. म्हणाली, "पोट्ट्यानं लय कमी लिवलं." तिच्याकडून आणखी काही ऐकून घेऊ नकोस.

आणखी एक : माझी समजूत काढायला कोणाला तरी पाठव. कोणाला तरी नको, तूच ये. हळद लागायच्या आत ये. मी पुष्कळदा नाही म्हणेन, तू ऐकू नकोस.

शेवटचं : आणि तुला नाहीच जमलं, तर मी मामीला घेऊन आपला बसनं येतोच. फक्त कोणी विचारलं, तर तूच आणलंस म्हणून सांग.