पिशवीचा प्रश्न

आई,

भाकरी उरकल्या की चुलीच्या उबेला ठेवलेली वीट तू फडक्यात गुंडाळायचीस आणि ओटीपोटाला धरून भिंतीला टेकायचीस. एकदा पाहुण्यांसमोर मी विचारलं, "आई, पोट दुखतंय का?" तू डोळे वटारलेस. पाहुणे गेल्यावर म्हणालीस, "बायकांचं बायकांत ठेवावं. चारचौघांत बोलायचं न्हाई." तू गेलीस तेव्हाही तुला नेमकं काय झालं होतं, हे कुणाला कळलं नाही. माझा तुझ्यावर राग नाही. तेव्हा तुला तपासायला तरी कोण होतं?

यंदा माझ्या धाकट्या जावेचं तसंच सुरू झालं. अंगावरून फार जायचं, सकाळी तिला अंथरुणातून उठवायचं नाही. एका दवाखान्यात सांगितलं, पिशवी काढून टाका. गर्भाशयाला आपल्याकडे पिशवीच म्हणतात, तुला माहीतच आहे. गल्लीत कितीतरी जणींनी काढलेली, म्हणून घरात कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही. पण तिला अजून तिशीही लागलेली नाही. आधी एखाद्या डॉक्टरीणबाईंनी तिला नीट तपासावं, असं मला वाटत होतं. गावच्या उपकेंद्रात तशा कुणी येत नव्हत्या. शेवटी आम्ही बायकांनी हे ग्रामसभेत काढायचं ठरवलं आणि शिकलेली म्हणून सगळ्यांनी मलाच पुढे ढकललं.

मी उभी राहिले. समोर सगळे पुरुष, त्यात माझे दीरही. "बायकांच्या पिशवीचा प्रश्न आहे," एवढंच तोंडातून निघालं. ग्रामसेवक मान वर न करता म्हणाले, "प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदीच आहे ताई. बाजाराला कापडी न्यायची."

मागून एक म्हातारी ओरडली, "आवो भाऊसाहेब, बाजाराची न्हाई, पोटातली! जिच्यात तुमी नऊ म्हैने हुता ती!"

सगळी सभा हसली. दीरसुद्धा खाली बघून हसत होते. त्या हसण्यात माझी भीती कुठे गेली कळलंच नाही. पाळी, गर्भाशय, अंगावरून जाणं, सगळं नाव घेऊन बोलले. ठराव झाला, पाठपुरावा केला, आणि आता दर गुरुवारी जामखेडहून डॉक्टरीणबाई येतात. त्यांनी जावेची सोनोग्राफी करवली. काढायची गरज नाही म्हणाल्या, गोळ्या दिल्या. आता ती पुन्हा दूध घालायला डेअरीवर जाते, वाटेत चार जणींशी बोलत उभी राहते. भाऊसाहेबांना मात्र गावात 'कापडी पिशवी' असं नाव पडलंय.

जाऊ सगळ्यांना सांगते, "आक्का माझ्यासाठी उभ्या राहिल्या." मी नुसती हसते. हे पत्र कुणाच्या हाती जायचं नाही, म्हणून तुला सांगते. तिच्याही आधीपासून माझंच दुखत होतं. पहिल्या गुरुवारी तिला बाहेर बाकावर बसवलं, बाईंना एक विचारायचं राहिलं म्हणाले, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. आता बरं आहे.