लई मोठं संकट

शिरूर,
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

ताईबाई आत्या,
सप्रेम जय भीम.

मी इकडं ठीक हाय. तू, मामा आन् प्राची बरी असाल. मामांचा खोकला थांबला का? शिरूरला दोन दिवस नळाला पाणी न्हाई, बाकी निवांत.

अक्षरं एवढाली बघून हसू नको. कंपनीत खोक्यावर नंबर टाकायचा काळा मार्कर असतो, त्यानं लिहितोय. एका पानावर सातच ओळी मावतात, म्हणून पाकीट फुगलंय. हे तू स्वतः वाचावंस, प्राचीच्या तोंडून नको. ओट्यावर उजेडाला बस आन् सावकाश वाच. तू माझा फोन उचलत न्हाईस, ते बरोबरच हाय.

आधी आमच्या पेजचं सांगतो. लोकांनी तुला काहीबाही सांगितलं असंल. मी आन् माझा खोलीतला सोबती सत्यजीत, आम्ही मोबाईलवर ‘लई मोठं संकट’ नावाचं पेज चालवायचो. बारक्या बारक्या कटकटींचे फोटो, पण काढायचे पिच्चरसारखे. चहात बिस्कीट बुडालं, तर कपाकडं बघणारा सत्यजीत, अर्ध्या तोंडावर अंधार. चपलेचा अंगठा तुटला, तर भर रस्त्यात गुडघ्यावर बसलेला मी, मागं ट्रॅक्टरचा धुरळा. खाली लिहायचं, ‘सगळं संपलं. चांभार मंगळवारी येतो.’ लोक पोट धरून हसायचे. दिवसभर दिव्याखाली लोखंडावरचे ओरखडे शोधायचं माझं काम, तिथं मला कुणी नावानं ओळखत न्हाई. पेजमुळं ओळखायला लागले. ते डोक्यात गेलं माझ्या.

पंधरा ऑगस्टला घरी आलो, तवा तू झेंडावंदनाहून येऊन प्राचीच्या ड्रेसची शिवण घालायला बसली होतीस. पत्र्याच्या भोकातनं उन्हाची तिरीप नेमकी तुझ्या तोंडावर पडलेली. दोरा ओठात ओला करून तू सुईत घालत होतीस आन् तो जात नव्हता. मी फोटो काढला. खाली लिहिलं, ‘ती लढली. सुई जिंकली.’ चाळीस हजार लोकांनी बघितला. मला वाटलं, सुईत दोरा न जाणं म्हंजी बारकीच कटकट, कुणाच्याबी घरात होते. तुला त्याचा त्रास होईल याची मला कल्पना नव्हती.

पुढचं मला प्राचीकडनं कळलं. हौसराव आप्पांनी शाळा समितीत मोबाईल फिरवला म्हणं. ‘हिला सुईचं भोक दिसंना, तांदळातली आळी काय दिसणार? पोरांच्या जिवाचा प्रश्न हाय.’ आन् सोमवारपासनं शाळेच्या खिचडीवर त्यांच्या भावकीतली मुक्ताबाई. तुला म्हणाले, घरी आराम करा. येत्या शनिवारी बैठकीत पक्का ठराव करणार.

चौदा वर्षं झाली तुला तिथं शिजवताना. पहिल्या साली त्यांच्या आळीतली पोरं घरनं डबा आणायची, तुझ्या हातचं खायची न्हाईत. मी त्याच रांगेत ताट घेऊन बसायचो, मला सगळं दिसायचं. तरी तू रोज सगळ्यांच्या वाटणीचं शिजवलंस. वरीसभरानं डबे बंद झाले. पण आप्पांच्या मनात ते कधी गेलंच न्हाई. चौदा वर्षं त्यांना कारण घावत नव्हतं. ते मी दिलं, चांगला उजेड बघून.

तांदूळ तर तू डोळ्यांनी निवडतच न्हाईस. दुसरीकडंच बघत बोलत असतेस, बोटं परातीत फिरतात आन् खडा बाजूला येतो. चौदा वर्षांत कुणाच्या दाताखाली एक आला न्हाई. त्याचा फोटो मी कधी काढला न्हाई.

आता मागं एका पानावर लिहिलेलं एक वाक्य. कल्पना नव्हती, असं लिहिलंय. ते खोटं हाय. मार्करचं खोडता येत न्हाई, आन् पान फाडून टाकलं तर आणखी एक खोटं होईल, म्हणून राहू दिलंय.

तू त्या दिवशी मला हाक मारलीस. ‘संघर्षा, दे रं बाबा ओवून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय म्हणाला डॉक्टर. दिवाळीच्या सुट्टीत गुपचूप काढून घेते, शाळा उघडायच्या आत. कुणाला बोलू नको.’ मी व्हय म्हणालो. तू सुई पुढं केलीस, आन् ती घ्यायची सोडून मी मोबाईल काढला. म्हणालो, आत्या, अजून एकदा कर, मान जरा उजेडाकडं घे. ‘माझ्यात काय हाय फोटो काढण्यासारखं,’ म्हणालीस, तरी केलंस. भाच्याचं मन मोडू नये म्हणून अकरा वेळा केलंस. अकराव्या वेळी सुई बोटात गेली आन् तुझं तोंड कळवळलं. तोच फोटो मी टाकला. दोरा शेवटपर्यंत ओवून दिला न्हाई. चौफुल्याला शिरूरची गाडी धरायची म्हणून पळालो.

प्राची फोनवर म्हणाली, ‘आई म्हणते, लोक म्हणत्यात फोटो झकास आलाय. मला काय दिसला न्हाई.’ मी तवा कॅन्टीनला होतो. ताट तसंच ठेवून उठलो.

पेज बंद केलंय. फोटो मात्र फिरायचा तो फिरतोच हाय.

आमच्या कंपनीत दर सहा महिन्यांनी डोळे तपासतात. गेल्या साली एकाला मोतीबिंदू निघाला, तर ऑपरेशन होईस्तोवर पॅकिंगला बसवला आन् मग परत जागेवर घेतला. कुणी घरी बसवला न्हाई. हे मला शनिवारी समितीपुढं उभं राहून सांगायचंय. त्याच्या आधी सांगायचंय, तो फोटो मी कसा काढला ते. आप्पांच्या तोंडावर, सगळ्या गावासमोर. लाजेनं मान वर होत न्हाई आत्या, पण ती लाज माझी हाय. तुला ती भोगायला लागू नये.

पण डोळ्यांचं तू गुपित ठेवलं होतंस. मागल्या खेपेला न विचारता जगाला दाखवलं, ह्या खेपेला विचारतो. बोलू का? व्हय असंल तर प्राचीच्या फोनवरनं एक मिस कॉल दे. न्हाई असंल तर काही करू नको. तरी मी येईन आन् तुझ्याशेजारी गप उभा राहीन.

सत्यजीत उद्या दौंडला चाललाय, वाटेत पाकीट तुझ्या हातात देईल. आत पांढऱ्या फडक्यात दहा सुया हायेत. पाचांत काळा दोरा, पाचांत पांढरा. सगळ्या ओवलेल्या हायेत, गाठीबी मारल्यात. फडकं जपून उलगड, टोकं सगळी एका बाजूला ठेवलीत.

‘दे रं बाबा ओवून’ असं तू ज्याला म्हणालीस, तोच
संघर्ष